आधी विचारले होते का?

दुसरे महायुद्ध संपून दोनेक वर्षे झाली होती. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, मॅरियन नावाच्या गावी, हारवुड मॅन्युफॅक्चरिंग हा पायजमे शिवणारा कारखाना होता. कामाला बहुतेक आसपासच्या डोंगराळ भागातल्या बायका, आणि मजुरी नगावर. कामाची पद्धत जरा बदलली की तिथे दर वेळी एकच गोष्ट घडे. वर्षानुवर्षे हात बसलेल्या कामगार एकदम मंदावत, जुना वेग परत यायला कित्येक आठवडे जात आणि काही जणी सरळ नोकरी सोडून जात. नवे काम शिकायला वेळ लागणारच, अशी व्यवस्थापनाची समजूत होती. पण तेच काम कोऱ्या पाटीने शिकायला आलेल्या नव्या मुली जुन्यांपेक्षा लवकर तयार होत होत्या. म्हणजे अडचण हाताच्या कौशल्याची नव्हती.

कारखान्यातले लेस्टर कोच आणि मानसशास्त्रज्ञ जॉन फ्रेंच यांनी यावर एक प्रयोग केला आणि १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. बदल अगदी किरकोळ होते. पायजम्यांना इस्त्री करणाऱ्या एका गटाने तयार कपड्यांचा अर्धा डझनाचा गठ्ठा पुठ्ठ्यावर रचायचा, तो आता खोक्यात रचायचा होता. या गटाला नेहमीच्या रीतीने कळवण्यात आले: बैठक बोलावली, स्पर्धा वाढल्याचे सांगितले, नवा दर समजावला, शंका विचारा म्हणाले आणि कामाला लावले. दुसऱ्या एका गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि त्यांनी नवी पद्धत व नवा दर ठरवण्यात भाग घेतला. आणखी दोन छोट्या गटांत तर प्रत्येक कामगार त्या चर्चेत होती. प्रतिनिधींच्या गटापुढे सुरुवातीलाच दिसायला सारखे दोन कपडे ठेवले होते. त्यातला एक दुसऱ्याच्या दुप्पट भावाने विकला गेला होता. स्वस्तातला कोणता, हे कुणालाच ओळखता येईना. खर्च का कमी करायचा, यावर वेगळे भाषण द्यावे लागले नाही.

ज्यांना नुसते कळवले होते, त्या गटाचे उत्पादन घसरले ते वर आलेच नाही. पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेल्या. मुकादमाशी आणि वेळ मोजणाऱ्या इंजिनिअरशी खटके उडाले. नवा दर अन्यायाचा आहे, अशी तक्रारही गेली. दर तपासला तर तो कामगारांच्या बाजूने जरा सैलच निघाला! ज्यांना चर्चेत घेतले होते, त्या गटांतून त्या चाळीस दिवसांत एकही जण गेली नाही. ज्या गटांत प्रत्येकीला बोलता आले होते, ते तर आधीच्या उत्पादनापेक्षा सुमारे १४ टक्के पुढे गेले. अडीच महिन्यांनी कोच आणि फ्रेंच यांनी त्या रुसलेल्या गटातल्या उरलेल्या कामगारांना पुन्हा एकत्र केले आणि या वेळी दुसरे काम देताना सगळ्यांना ठरवण्यात घेतले. त्याच बायका, तोच कारखाना. उत्पादन भराभर वर आले.

गट लहान होते, गाव एकच, त्यामुळे या प्रयोगावर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण व्यवस्थापनाच्या पुस्तकांत जो भाग कमी येतो, तो पुढचा आहे. फ्रेंच यांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांबरोबर तिथल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात असाच प्रयोग केला आणि १९६० मध्ये निष्कर्ष मांडले. तिथे उत्पादनात म्हणावा असा फरक पडला नाही. कामगारांना ज्या गोष्टी ठरवायला दिल्या होत्या, त्या त्यांना फारशा महत्त्वाच्या वाटल्या नव्हत्या. शिवाय असे प्रश्न युनियनच्या वाटेने सुटावेत, अशी तिथली रीत होती. किरकोळ गोष्टींवर लोकांचे मत घ्यायचे आणि मोठ्या गोष्टी आतल्या खोलीत ठरवायच्या, हा डाव लोकांना लगेच कळतो.

आज कार्यालयांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणताना, म्हणजे सगळे म्हणतात तसे एआय आणताना, ‘कर्मचाऱ्यांना सोबत घ्या’ हा सल्ला जो तो देतो. प्रत्यक्षात त्यातून काय निघते? एक टाउनहॉल, एक चकचकीत सादरीकरण, चहा-सामोसे आणि सहाय्यकाचे नाव काय ठेवावे याची स्पर्धा. करार झालेला असतो, परवाने विकत घेतलेले असतात, आणि कर्मचाऱ्यांना विचारले जाते ते बारशाचे नाव. नॉर्वेतल्या त्या कारखान्याची आठवण होते ती इथे.

यंत्र आणताना कर्मचाऱ्यांना सोबत कसे घ्यायचे, हा प्रश्न आपल्याकडे एकदा फार मोठ्या प्रमाणावर सोडवला गेला होता, बँकेच्या काउंटरवर. त्याला जवळजवळ वीस वर्षे लागली.

१९६० च्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या इलाको हाउस या इमारतीत संगणक बसवायचे ठरले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती रात्रंदिवस पहारा दिला आणि यंत्र आत येऊ दिले नाही. यंत्र म्हणजे नोकऱ्या जाणार, हे समीकरण तेव्हा डोक्यात पक्के बसले. प्रश्न इतका तापला, की केंद्र सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२ चा. बेकारीच्या देशात यंत्र कुठे आणावे आणि कुठे आणू नये, हा प्रश्न एका मराठी अर्थशास्त्रज्ञाच्या टेबलावर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी येऊन गेला आहे.

बँकांमध्ये तेव्हा सगळा कारभार हाताचा. ग्राहकाने चेक द्यायचा, पितळी टोकन घ्यायचे आणि बाकावर बसायचे. आत कारकून जाडजूड लेजर उघडून नोंद करणार, अधिकारी ती तपासणार, मग रोखपाल टोकनाचा नंबर पुकारणार. सहामाहीला प्रत्येक बचत खात्याचे व्याज काढण्यासाठी ‘प्रॉडक्ट’, म्हणजे शिल्लक आणि काळ यांचे गुणाकार, काढावे लागत. बॅलन्सिंगला काही पैशांचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत माणसे शाखेत बसून राहत. ज्यांना यंत्राची धास्ती होती, त्यांनाच यंत्राची सर्वांत जास्त गरज होती. हे दोन्ही एकाच वेळी खरे होते.

मार्ग निघाला तो वाटाघाटीच्या टेबलावर. १९८३ मध्ये बँकांची संघटना, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन, आणि ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशनसह कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांची समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिने शाखा पायरीपायरीने यंत्रावर नेण्याचा आराखडा दिला. पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये नवे करार झाले आणि प्रत्येक वेळी दार थोडे आणखी उघडले. यंत्रे किती आणि कुठे, ती कोण चालवणार, चालवणाऱ्याला भत्ता किती, हे सगळे कागदावर आले. यंत्रामुळे कुणाला कामावरून काढणार नाही, ही हमी त्या सगळ्याच्या मुळाशी होती. शाखांत जे पहिले यंत्र आले, त्याचे नावसुद्धा संगणक नव्हते. ते होते ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, बँकवाल्यांच्या तोंडी एएलपीएम. आणि ते चालवायला बसला तो बाहेरून आणलेला कुणी तंत्रज्ञ नव्हे, तर कालपर्यंत लेजर लिहिणारा कारकूनच. कोणत्या खात्यात कोणती चूक वारंवार होते, हे त्याला ठाऊक होते.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून उपयोग नाही. वेग फार कमी होता. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत नव्या खासगी बँका पहिल्या दिवसापासून संगणकावर उभ्या राहिल्या, तेव्हा सरकारी बँकांच्या असंख्य शाखांत लेजरच चालू होते. शेवटी केंद्रीय दक्षता आयुक्तांना, एन. विठ्ठल यांना, फर्मान काढावे लागले की २००१ च्या १ जानेवारीपूर्वी बँकांनी आपला ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणावा. त्यांचा हेतू घोटाळे रोखण्याचा होता. लगोलग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांतून एक लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडली. कुणाला काढले नाही, हे खरे. पण जागा राहिल्या नाहीत, हेही खरे. शिवाय या वाटाघाटींत ग्राहकाला खुर्ची नव्हती. तो टोकन घेऊन बाकावरच बसलेला होता.

तरीही मला ते करार मोलाचे वाटतात. त्यांत यंत्राच्या आधी बोलणी झाली आणि बोलणी झाली ती खऱ्या प्रश्नांवर: नोकरी, पगार, बदली, काम. नाव ठेवण्याच्या स्पर्धेवर नव्हे.

स्कँडिनेव्हियात साधारण त्याच काळात याहून पुढचे पाऊल टाकले गेले. क्रिस्टन न्यूगार्ड हे नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ, सिम्युला या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दोन जनकांपैकी एक. पुढे २००१ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर बसले आणि कारखान्यात येणारी संगणकप्रणाली कामगारांना कशी समजून घेता येईल, तिच्यावर काय मागण्या करता येतील, यावर काम केले. १९७५ मध्ये मालक आणि कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांत याविषयी राष्ट्रीय करार झाला. संगणकाच्या प्रश्नांसाठी वेगळा कामगार प्रतिनिधी निवडण्याची सोय त्यात झाली. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकात ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प झाला. वर्तमानपत्राची पाने लावणाऱ्या कामगारांना उद्याचा संगणक कसा हवा, हे त्यात शोधायचे होते. तसा संगणक तर अजून बाजारात नव्हता. मग संशोधकांनी पुठ्ठ्याची खोकी आणि प्लायवूड मांडून लुटुपुटूची यंत्रे केली आणि पाने लावणाऱ्यांना म्हणाले, यावर तुमचे काम करून दाखवा. कामगाराला प्रोग्रॅमिंग येत नसते. पण पान लावताना नजर आधी कुठे जाते, ते त्याच्याइतके कुणालाच माहीत नसते.

आता एआय. बँकेतले यंत्र ट्रकमधून येई, त्यासाठी वातानुकूलित खोली बांधावी लागे, आणि कित्येक ठिकाणी दाराशी चपला काढून आत जावे लागे. ते येतेय हे शिपायालाही आधीच कळे. एआय तसे येत नाही. काल ज्या खिडकीत ईमेल लिहीत होतो, तिच्याच कोपऱ्यात आज एक नवे बटण दिसते. कुठल्यातरी रात्रीच्या अपडेटमध्ये ते आलेले असते. त्यामुळे ‘आधी विचारा’ म्हटले तरी हे ‘आधी’ नेमके कधी, हेच धूसर होते.

दुसरी गंमत अशी, की कर्मचारी स्वतःच ते घरून आणतात. मायक्रोसॉफ्ट आणि लिंक्डइन यांनी २०२४ मध्ये ३१ देशांतल्या ३१ हजार जणांची पाहणी केली. डोक्याचे काम करणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोक एआय वापरत होते आणि त्यांतले ७८ टक्के आपापले साधन स्वतः आणून. आणि वापरणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांना महत्त्वाच्या कामासाठी ते वापरल्याचे कबूल करायला संकोच वाटत होता. मायक्रोसॉफ्ट स्वतः एआय विकते, तेव्हा आकडे थोडे राखूनच घ्यावेत. पण चित्र ओळखीचे आहे. वरचे म्हणतात लोक एआयला घाबरतात, आणि लोक टेबलाखाली मोबाइल धरून त्याच्याकडून पत्राचा मसुदा करून घेतात. त्यांना भीती यंत्राची कमी आहे, ते वापरल्याचे कळले तर काय होईल याची जास्त. ‘हे काम एआयने दहा मिनिटांत होते’ असे आपणहून सांगितले, तर बक्षीस म्हणून चौपट काम मिळेल किंवा खुर्ची जाईल. या शंकेचे उत्तर जोवर मिळत नाही, तोवर शहाणा माणूस गप्पच बसणार.

वाचलेला वेळ कुणाचा, हा प्रश्न म्हणून सर्वांत आधी यायला हवा. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे शिकलेले ज्ञान कुणाचे. एरिक ब्रिनयोल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या तीन संशोधकांनी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि २०२३ मध्ये मांडला. चॅटवर ग्राहकाशी बोलताना एआय त्यांना उत्तरे सुचवत होते. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, आणि नवख्या किंवा कच्च्या कर्मचाऱ्यांत तर ३४ टक्क्यांनी. सर्वांत मुरलेल्यांना जवळजवळ काहीच फायदा झाला नाही. कारण साधे आहे. एआय शिकले होते ते जुन्या संभाषणांवरून, चांगल्या कर्मचाऱ्यांची हातोटी उचलून. वर्षानुवर्षे कमावलेली ती हातोटी परवा रुजू झालेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात मिळाली. नवख्यासाठी हे वरदान आहे, कंपनीसाठीही. मुरलेल्याला मात्र त्याबद्दल वेगळा पैसा नाही, आणि आजवर त्याला जे वेगळेपण होते तेही गेले. असे अनुभवी लोक बैठकीत नाराज दिसले, की ‘जुनी माणसे बदलाला तयार नसतात’ असा शेरा मारला जातो. त्यांच्या नाराजीमागे पक्का हिशेब आहे, तो कुणी विचारत नाही.

विचारले नाही तर काय होते, याची ताजी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. कॉमनवेल्थ बँकेने २०२५ मध्ये फोन घ्यायला बोलणारा बॉट बसवला, फोन कमी झाल्याचे सांगितले आणि ४५ जागा रद्द केल्या. फायनान्स सेक्टर युनियनने हा दावा खोडून काढला. फोन उलट वाढत होते, लोकांना जादा वेळ थांबवले जात होते, टीम लीडरही फोन उचलत होते. ऑगस्टमध्ये बँकेने निर्णय मागे घेतला आणि आपला अंदाज चुकल्याचे मान्य करून माफी मागितली. फोन वाजत होते ते कर्मचाऱ्यांच्या कानात. त्यांना आधी विचारायला फार तर एक दुपार लागली असती.

उलट उदाहरण हॉलिवुडचे. पटकथालेखकांच्या संघटनेने २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला आणि एआयबद्दलची कलमे लिहून घेतली. एआयने लिहिलेला मजकूर लेखकाच्या श्रेयावर किंवा मोबदल्यावर घाला घालू शकत नाही. लेखकाला एआय वापरायची सक्ती करता येत नाही. त्याला दिलेल्या साहित्यात एआयने केलेले काही असेल, तर कंपनीने ते सांगितले पाहिजे. आणि कंपनीची संमती असेल, तर लेखक स्वतः ते वापरू शकतो. या शेवटच्या कलमाकडे माझे लक्ष जाते. करारात यंत्रावर बंदी आली नाही. ते हातात कुणाच्या राहणार, हे लेखकांनी ठरवून घेतले.

आपल्या कायद्यात याची पुसट खूण आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ प्रमाणे कामाच्या शर्ती बदलायच्या तर कामगारांना २१ दिवस आधी सूचना द्यावी लागे, आणि ज्या सुधारणेमुळे कामगारकपात होण्याची शक्यता आहे तीही त्यात मोडे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही तरतूद पुढे चालवली आहे. पण एआयमुळे कपात न होता कामच बदलले तर? जर्मनीत २०२१ पासून एआय येणार असेल तर कर्मचारी परिषदेला तज्ज्ञाचा सल्ला घेता येतो आणि त्याची गरज वेगळी सिद्ध करावी लागत नाही. युरोपीय संघात कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावरून भावना ओळखणारे एआय फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे सोडून, बंद आहे. आपल्याकडे हे सगळे अजून मालकाच्या समजूतदारपणावर सोडलेले आहे.

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या सहकारी बँकेने कर्जाच्या अर्जांची पहिली छाननी एआयकडे द्यायचे ठरवले. विक्रेता सांगणार की अर्जदाराच्या खात्याचे दोन वर्षांचे व्यवहार पाहून यंत्र गुण देईल. आता तासगावचा द्राक्षबागायतदार घ्या. त्याच्या खात्यात पैसा येतो तो हंगामात, एकदम. बाकीचे महिने खाते कोरडे आणि खताचे, औषधांचे पैसे बाहेर जाताना दिसतात. ऊसवाल्याचे बिल कारखान्याच्या मर्जीने हप्त्याहप्त्याने येते. बायकोच्या नावावर दूध डेअरीचे खाते दुसऱ्याच पतसंस्थेत असते. हे सगळे शाखेतल्या कर्ज अधिकाऱ्याच्या डोक्यात असते, विक्रेत्याच्या सादरीकरणात नसते. त्याला आधी बसवले, मागच्या वर्षीचे पन्नास-शंभर जुने अर्ज यंत्रापुढे टाकून त्याला निकाल तपासायला दिले, तर बँकेला नुसती ‘कर्मचाऱ्यांची संमती’ मिळणार नाही. कुठे यंत्र फसते, याची यादी मिळेल. यासाठी त्याला कामाच्या वेळेतला वेळ द्यावा लागेल. शनिवारी घरी बसून व्हिडिओ पाहा म्हटले, की तो मनातून उठला.

मग येतो जबाबदारीचा प्रश्न. यंत्राने ‘द्या’ म्हटले आणि कर्ज थकले, तर चौकशी कुणाची? अधिकाऱ्याला यंत्राच्या विरुद्ध जाण्याची मुभा आहे, असे परिपत्रकात लिहिणे सोपे. पण यंत्राशी सहमत व्हायला एक क्लिक आणि असहमत व्हायला दोन पानी खुलासा, अशी रचना असेल, तर महिन्याभरात सगळे अधिकारी यंत्राशी सहमत झालेले दिसतील. संचालक मंडळापुढे तो आकडा यंत्राच्या अचूकतेचा पुरावा म्हणून जाईल. त्याऐवजी असहमतीचीही एकच ओळ पुरे असावी आणि अधिकाऱ्यांनी यंत्राचे न ऐकता दिलेली कर्जे पुढे फिटली की बुडाली, हे दर तिमाहीला त्यांनीच बसून पाहावे. त्यात यंत्राची परीक्षा होते आणि अधिकाऱ्याचीही. ही बैठक कोण बोलावणार, तिची टिपणे कुठे जाणार आणि तिच्या सांगण्यावरून यंत्र थांबवता येणार का, हे विक्रेत्याशी करार करण्यापूर्वीच कागदावर आलेले हवे. नाहीतर पहिल्या मार्चएंडच्या गडबडीत ती रद्द होते आणि पुन्हा कुणी बोलावत नाही.